सहावा बार

बल्लारपूर,
१० डिसेंबर २०००

चि. दिव्यानीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मागच्या पत्रात विचारलं का एक सुरुंग उडवायले खरा खर्च काय येते. घे लिहून. सहा होल, पाच-पाच फूट खोल. अठरा कांड्या बारूद. सहा टोप्या, म्हणजे बारुदाले चेतवणाऱ्या नळ्या. चोवीस हात वात. होलच्या तोंडात ठासायले घमेलंभर चिकणमाती. एक ड्रिलर, एक बारूदवाला, एक त्याच्या हाताखालचा. बत्ती दिल्यापासून धूर बसेपर्यंत अर्धा तास. कंपनीच्या कागदावर एवढंच येते. कागदाबाहेरचा खर्च वेगळा: माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं, खाणीतला माझा सोबती सादिकभाई, त्याचे समोरचे तीन दात, आणि माझा धाकटा भाऊ बापूजी, म्हणजे तुझा बाप. हा खर्च कोणी मंजूर केला नव्हता.

असो. इथी सर्व ठीक. तुझी आई रुखमा बरी आहे, पिठाच्या गिरणीवर माझ्यापेक्षा तिचाच वचक जास्त. मोटर वाइंडिंगचं दुकान जोरात आहे. परवा कोरपन्याचा एक शेतकरी बैलगाडीत पाण्याची मोटर टाकून घेऊन आला, चार मिस्तऱ्यांनी खोलून पाहिली होती. मी म्हटलं खोलू नको, नुसती फिरव. फिरवली. मी सांगितलं का बेअरिंग गेलं, त्यातली एकच गोळी फुटली आहे. खोलल्यावर तेच निघालं. तो माझ्या पाया पडाले लागला, मी म्हटलं कानाच्या पड बापा.

चौथी पास पोट्टा मी, डोक्यावर टोपलं घेऊन कोळसा भरायले खाणीत उतरलो आणि बारूदवाला होऊन रिटायर झालो, ते या कानांच्या जोरावर. छत ठोकून पाहायची माझी एक ढब होती: डोकं डावीकडे झुकवायचं आणि उजवा कान छताले द्यायचा. नवे पोट्टे मले पाहून तसेच तिरपे चालत. आणि दगडातला वातीचा बार तर सगळा कानाचाच खेळ. सहा वाती पेटवायच्या, वळणामागं जायचं आणि मोजायचं. सहा पेटवले तर सहा ऐकू आले पाहिजेत. पाच आले तर एक जिवंत आहे, भिंतीत बसून आहे. मग कोणी पाऊल पुढं टाकायचं नाई, अर्धा तास थांबायचं, आणि दिवा घेऊन एकेक होल पाहायचा. एकतीस वर्षांत दहा हजारांवर बार मोजले. माझ्या कानानं एक चुकवला नाई. हे मी नाई, अख्खी खाण म्हणे.

तू लिहिलं का तुझा तारा फुटला आणि विझायचं नाव घेत नाई. मले आभाळातलं काही समजत नाई, पण फुटलेली गोष्ट विझते. विझत नसन तर तिच्या आजूबाजूले आधीचं काही पडून आहे. तुझ्या सरांले म्हणा, आजूबाजूले पाहा.

पुण्यात थंडी आहे म्हणतात. खोकल्याले जप. रुखमा अजून तुझ्या खोकल्याच्या नावानं दचकते. फोन करू नको, त्या खरखरीत अर्धं समजत नाई. पत्रात कसं निवांत बोलता येते. पत्राच्या वाटेवर डोळे लावून बसलेला,

तुझा
मोठेबाबा नानाजी


पुणे,
२३ डिसेंबर २०००

ती. मोठेबाबांस दिव्यानीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मोटरीची गोष्ट होस्टेलच्या मुलींना वाचून दाखवली. आमचा पंखा महिनाभर कुरकुरतो आहे, त्या म्हणतात तुझ्या मोठेबाबांना पुण्याला बोलाव. मी सांगितलं की ते येतील, पण जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसायचा मान माझा, तो कोणाला देणार नाही. आठवतं ना? डावीकडे बसलेल्याला तुम्ही उत्तरच देत नसायचात. आई म्हणे, मोठेबाबा हिशेबात आहेत, त्यांना छळू नको.

आता हसू नका. तुम्ही आजूबाजूला पाहा म्हणालात, ते सरांनी खरंच फळ्यावर लिहिलं. हा तारा मे महिन्यात फुटला; म्हणजे उजेड मेमध्ये पोचला, फुटला तो वीस कोटी वर्षांपूर्वी. पोटातलं इंधन संपलं की असा जड तारा स्वतःवरच कोसळतो. गाभा एका सेकंदाच्या आत चेचला जातो आणि बाहेरचं सगळं फाटून उधळतं, सेकंदाला दहा हजार किलोमीटरने. चंद्रपूरहून निघालेला तुकडा चाळीस सेकंदांत चंद्रावर आदळेल. याला पुस्तकात अतिनवतारा म्हणतात, आम्ही बोलताना सुपरनोव्हा. साधारणपणे ही आग शंभरेक दिवसांत मावळते. आमचा हळूहळू मावळत होता, आणि दोनशेव्या दिवशी, तुमचं पत्र निघालं त्याच आठवड्यात, परत भडकला. सर म्हणाले यंत्राची चूक. मी तीन वेळा मोजलं. चूक नाही.

असे तारे विरळा, शंभरात पाच-सात. फुटण्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपलंच अंग सोलून भोवती वायू टाकलेला असतो. उजेडाचे रंग वेगळे करून कागदावर पसरवले की हायड्रोजनच्या लाल रंगाच्या जागी एक रुंद डोंगर दिसतो आणि डोंगराच्या डोक्यावर एक बारीक सुई. डोंगर म्हणजे सुसाट सुटलेले तुकडे. सुई म्हणजे आधीच टाकलेला, संथपणे पसरणारा वायू. तुकडे मागून जाऊन त्या वायूवर आदळतात. आपल्याला दिसतो तो बहुतेक त्या धडकेचाच उजेड. शंभर कोटी वर्षांत सूर्य देईल तेवढा उजेड याने दोनशे दिवसांत फेकला आहे. खाणीत असं कधी होतं का, की बारापेक्षा बाराभोवतीचंच जास्त पेटतं?

खोकल्याचं तुम्ही लिहिलंत म्हणून लिहिते. आई का दचकते ते मला माहीत आहे. दहावीत असताना सोमारी आत्याने सांगितलं. मी अडीच वर्षांची होते, मला डांग्या खोकला होता, बाबा मला खांद्यावर घेऊन रात्रभर फिरले. सकाळच्या पाळीत त्यांचे डोळे मिटत होते, म्हणून त्यांनी जुन्या, आधी उडवलेल्या होलमध्ये ड्रिल घातली. ते करायचं नसतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात म्हणे. मला कोणी दोष देत नाही. पण अजूनही खोकला आला की मी तोंडात रुमाल कोंबते. असो.

आईला सांगा, स्वेटर घालते. तुमचा हात डोक्यावर आहे तसाच राहू द्या.

आपली
दिव्यानी


बल्लारपूर,
१० जानेवारी २००१

चि. दिव्यानीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चौथी पास माणसाचं बोलणं पुण्याच्या फळ्यावर गेलं, हे मी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाले सांगून राह्यलो. सादिकभाईच्या बायकोले, सुलतानाले, दोनदा सांगितलं. ती म्हणाली का पीठ जाड दळलं आहे, आधी ते पाहा.

तू विचारलं, बाराभोवतीचं पेटते का. पेटते. १९७१ साल, दुसरी एक खाण, नाव लिहीत नाई. कोणीतरी होलच्या तोंडात माती नीट ठासली नव्हती. बारानं भिंत फोडलीच नाई, बंदुकीसारखा तोंडातून बाहेर आला. त्या आवाजात दम नव्हता, आम्ही हसलोसुद्धा. पण गॅलरीत, खाणीतल्या त्या बोळात, वर्षभराची कोळशाची भुकटी बसून होती. लाकडांवर, रुळांखाली, कोनाकोपऱ्यात. आम्हीच पाडलेली, आम्हीच न झाडलेली. ती उठली आणि पेटली. दुसरा आवाज मी ऐकला नाई, आंगानं घेतला. कोळशानं भरलेले टब, ते लोखंडी डबे, रुळांवरून उचलून छताले हाणले. जंगू नावाचा लोडर माझ्या पुढं होता. त्याले ओढाले गेलो तर त्याच्या हाताची कातडी मोज्यासारखी माझ्या मुठीत आली. तो ओरडत होता असं लोक सांगतात, मले त्याचं नुसतं तोंड उघडलेलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी गेला तो. अकरा माणसं गेली. माझ्या नाकातून, डाव्या कानातून रक्त आलं होतं, आठ दिवसांत मी कामावर. तेव्हापासून कोणी भुकटीवर पांढरी दगडपूड शिंपडायले आळस केला का मी त्याची गचांडी धरत होतो.

तर तुझ्या ताऱ्याचं मले समजलं. बार लहान असो का मोठा, त्यानं आधी काय काय पाडून ठेवलं आहे ते पाहायचं.

सोमारीच्या तोंडाले काही धरबंध नाई. लहान पोरीजवळ काय बोलावं ते तिले समजत नाई. तू ते डोक्यात घेऊ नको. बाप गेला तो गेला. होलच्या बुडाशी कधी कधी अर्धी कांडी उरते, कोणाचीच चूक नसते.

आता कामाचं. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात एक इंजिनियर पोट्टा आहे, नाव प्रफुल. घरचं धान आहे, दात सरळ आहेत. मी त्याले सांगितलं का पोरगी दिवसभर झोपते आणि रातभर आभाळ पाहते. तो म्हणाला त्याचीही नाईट शिफ्टच असते. विचार कर. महाशिवरात्रीले रुखमा दरवर्षीसारखी बापूजीच्या नावानं वैनगंगेकाठी मार्कंड्याले जाईन. मी मेळ्याले जात नाई ते तुले माहीत आहे, धूळ सोसत नाई मले.

इकडची काळजी करू नको, तिकडची कळवत जा. तुझा

मोठेबाबा


पुणे,
२८ जानेवारी २००१

ती. मोठेबाबांस दिव्यानीचा सा. न. वि. वि.

इंजिनियरचे दात तुम्ही मोजलेत का? मग चूक नसेल. पण सध्या माझ्याकडे एकच नवरदेव आहे आणि तो फुटलेला आहे.

जंगूची गोष्ट वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी हिशेबाला बसले. तुम्हाला सांगते, सोपा आहे. उधळलेले तुकडे त्या संथ वायूच्या शंभरपट वेगाने धावतात. तो परत भडकला त्या वायूच्या थराला गाठायला तुकड्यांना दोनशे दिवस लागले. म्हणजे वायू त्याच्या शंभरपट दिवस आधी निघालेला, वीस हजार दिवस, पंचावन्न वर्षं. मरायच्या पंचावन्न वर्षं आधी त्या ताऱ्याला एक जबरदस्त झटका आला होता, अख्ख्या सूर्याएवढं अंग त्याने भिरकावून दिलं, आणि तो झटका कोणी पाहिला नाही, कोणी मोजला नाही. धडक झाली तेव्हाच कळलं. सरांनी आता यंत्राची चूक म्हणणं सोडलं आहे. माझं नाव पहिलं घालून ते लेख पाठवणार आहेत.

हिशेब मांडताना तुमचं पहिलं पत्र टेबलावर होतं. सहा पेटवले आणि सहा ऐकले, तर भिंतीत जिवंत काही उरत नाही. असं तुम्हीच लिहिलंत. मग बाबांची ड्रिल कशाला लागली? अर्ध्या कांडीचं तुम्ही मी न विचारता लिहिलंत. आईच्या पेटीत चौकशीच्या कागदाची नक्कल आहे, ती मी दिवाळीत वाचली होती. त्यात साफ लिहिलंय, पूर्ण भरलेला होल फुटला. ड्रिलचा रॉड छातीतून पाठीत निघाला. पूर्ण भरलेला, मोठेबाबा. आणि खाली एक ओळ आहे: आधीच्या पाळीतील मोजणी बरोबर होती असे सांगण्यात आले. म्हणून चूक ड्रिलरची.

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. सगळे उडाले असतील तर झोपेने पेंगलेला माणूस रिकाम्या होलमध्ये ड्रिल घालील आणि काही होणार नाही. म्हणजे मोजणी चुकली होती. त्या पाळीचा बारूदवाला कोण होता? कागदावर नाव नाही. मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही, बावीस वर्षांनी काय भांडायचं? मला त्याने किती ऐकले तेवढंच हवंय. बाबा माझ्या खोकल्याने गेले की नाही, एवढंच मला कळायला हवं आहे.

आणि हो, एकतीस वर्षं कोळसा खाल्लेल्या माणसाला मार्कंड्याच्या मेळ्याची धूळ सोसत नाही, हे मी आजवर खरं मानत आले याचं मलाच हसू आलं.

सर्वांना नमस्कार. उत्तराची घाई आहे.

आपली
दिव्यानी


बल्लारपूर,
९ फेब्रुवारी २००१

चि. दिव्यानीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. लेखात पहिलं नाव तुझं, हे वाचून पेढे वाटले. रुखमाची तब्येत ठीक. गिरणीचा पट्टा तुटला होता, नवा टाकला. कागद कारखान्याचं पाणी यंदा फारच वास मारते. पार्सलनं जवसाची चटणी, तिळाचे लाडू आणि खोकल्याची बाटली पाठवून राह्यलो, बाटली उलटी धरू नको.

तू विचारलं तो माणूस नोकरी सोडून गेला. कुठी गेला माहीत नाई. मेलाही असन. चौकशीवाल्यांनी जे लिहिलं ते विचार करूनच लिहिलं असन. तू आपल्या ताऱ्याकडे ध्यान दे.

तुझा
मोठेबाबा


पुणे,
२० फेब्रुवारी २००१

ती. मोठेबाबांस दिव्यानीचा नमस्कार.

पार्सल मिळालं. लाडू मुलींनी संपवले. बाटली तशीच आहे.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. मोटरीच्या आवाजावरून बेअरिंगची फुटकी गोळी सांगणारा माणूस आपल्याच खाणीतला बारूदवाला कुठे गेला ते सांगू शकत नाही. म्हणून मी सादिकचाचांना पत्र घातलं. त्यांचं उत्तर काल आलं. त्यांच्या मुलाच्या, जिशानच्या हाताने लिहून घेतलंय, दोनच ओळी आहेत. त्या दिवशी मी पाच म्हणालो होतो, कोणाला म्हणालो ते तुझ्या मोठेबाबाला विचार.

मला आता विचारायचं राहिलेलं नाही. तुम्ही मला शिकवलंत, शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात बाबांचं नाव आणि पालकाच्या रकान्यात तुमचं. पाळण्यातून पुण्यापर्यंत तुम्ही आणलंत. ते मी विसरणार नाही आणि त्याच्या बदल्यात गप्पही बसणार नाही. उद्या महाशिवरात्र. आई मार्कंड्याला जाईल, नदीत उभी राहून बाबांच्या चुकीची माफी मागेल. दरवर्षी मागते. तिने मला सांगितलंय, तुम्हाला नाही. मला जे कळलंय ते मी तिला कळवणार नाही. ते काम तुमचं आहे.

तुमच्या पत्राची मी वाट पाहते आहे, बातम्यांच्या नाही.

दिव्यानी


बल्लारपूर,
४ मार्च २००१

चि. दिव्यानीस,

आशीर्वाद पुढं लिहितो, तुले घ्यावा वाटला तर घे.

तो बारूदवाला मी होतो. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, नव्या बोगद्याच्या दगडात, दुपारच्या पाळीत. सहा होल भरले, सहा वाती पेटवल्या. पाळी सुटली का ट्रक भरून आम्ही मार्कंड्याच्या मेळ्याले जाणार होतो. ट्रक वर हॉर्न देऊन राह्यला होता. सादिकभाई आणि मी वळणामागं बसलो. तो म्हणाला का पाच झाले. मी म्हटलं सहा. तो म्हणाला नानाजीभाऊ, शेवटचा आपला नव्हता, तो पलीकडून आला, तिकडं कोळशाच्या तोंडाशी बार चालू आहेत. मी हसलो. सगळ्यांसमोर म्हटलं का तू आधी तोंडातले दात मोज, मग बार मोज. दहा माणसं हसली. तो चूप बसला. त्याले मीच त्या कामावर लावलं होतं, तो चूपच बसणार. रजिस्टरमध्ये मी सहा लिहिले आणि ट्रकवर चढलो.

रातच्या पाळीनं ढिगारा उचलला. सकाळी बापूजी ड्रिल घेऊन उभा राह्यला. दिव्यानी, हे नीट वाच. तो पेंगत नव्हता. त्यानं जुन्या होलमध्ये ड्रिल घातली नव्हती, वीतभर बाजूले नवा होल पाडत होता, नियमात जेवढं अंतर सांगितलं त्यापेक्षा जास्तच. सुरू करायच्या आधी त्यानं मुकादमाले विचारलं होतं का कालचे सगळे उडाले का. मुकादम म्हणाला, तुझ्या भावानंच मोजले आहेत. मग बापूजीनं ड्रिल लावली. मुकादमानं हे मले तेराव्याच्या दिवशी सांगितलं. माझा सहावा होल तिरपा गेला होता, दगडाच्या आत बापूजीच्या होलच्या वाटेवर येऊन बसला होता. वात मधेच विझलेली, बारूद तसाच.

मी वैनगंगेत कमरेइतक्या पाण्यात उभा होतो तेव्हा माणूस बोलवायले आला. परत आलो तर बापूजीले टबमध्ये ठेवून वर आणलं होतं. रॉड काढता येत नव्हता, करवतीनं कापावा लागला. मी धरला, सादिकभाईनं कापला. चौकशीत मले विचारलं का किती ऐकले. मी म्हटलं सहा. नाई म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, रुखमा आणि तू आणि मी रस्त्यावर आलो असतो, असं मी बावीस वर्षं स्वतःले सांगत आलो. ते खोटं नाई. पण पहिलं कारण ते नव्हतं. माझ्या कानाची अख्ख्या खाणीत ख्याती होती, आणि ती मले सोडवली नाई. खोकल्याची गोष्ट सोमारीनं उठवली तेव्हा मी तिथीच बसलो होतो. मी ती अडवली नाई, पोरी. मले ती सोयीची पडली.

तुझा खोकला यात कुठीच नव्हता.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस मी दुकान उघडलं नाई. रुखमा मेळ्यावरून आली, तिची यात्रेची थकावट जाऊ दिली. मग परवा चुलीजवळ बसून तिले सांगितलं. सगळं, जसं तुले लिहिलं तसं. ती फुकणीनं जाळ फुकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं का आणखी काही आहे का. मी म्हटलं नाई. तिनं ती लोखंडी फुकणी माझ्या डाव्या कानशिलावर हाणली. मग पुन्हा हाणली. तिसऱ्यांदा उचलली आणि चुलीत फेकली. रक्त बंडीवर आलं. ती म्हणाली का तिनं बावीस वर्षं देवासमोर चुकीच्या माणसाची माफी मागितली, आणि ज्यानं खोकावं त्या लेकराले मोकळं खोकू दिलं नाई. नंतर तिनंच हळद दाबली आणि म्हणाली, आधी पोरीले पत्र लिहा, मग डॉक्टरकडे जा. काल ती आपली पेटी घेऊन सुलतानाच्या घरी राहायले गेली. गिरणीवर वेळेवर येते, माझ्याशी बोलत नाई.

सादिकभाईकडे गेलो. दहा माणसांत नाई, पण त्याच्या पोरांसमोर म्हटलं का पाच होते. तो म्हणाला चहा घे. खाणीच्या कचेरीत लेखी द्यायले गेलो तर बाबू म्हणाला त्या सालच्या फायली उधईनं खाल्ल्या. म्हणून रुखमाच्या पेटीतली नक्कल मागून घेतली आणि मोजणीच्या त्या ओळीखाली लिहून सही केली. ती सोबत पाठवतो. तुझ्या बापाच्या नावावरची चूक त्या कागदावरून मी खोडली आहे. खोडायले दुसरा कागद उरला नाई.

तुझ्या ताऱ्याचा लेख छापून आला का एक प्रत पाठवशील तर रुखमाच्या नावे पाठव. ती वाचू शकणार नाई, पण उशाले ठेवन. माझ्यावर माया ठेव असं लिहायची या घरातली रीत आहे, मी ती मागत नाई. खोकला आला तर मोकळा खोकत जा.

नानाजी

ता. क. रुखमाच्या माराची तपासणी करायले चंद्रपूरले कानाच्या डॉक्टरीणबाईकडे गेलो होतो. तिनं दोन्ही कान मशीनवर पाहिले. फुकणीनं काही झालं नाई म्हणाली. डाव्या कानानं मले अजिबात ऐकू येत नाई, आणि ते निदान पंचवीस-तीस वर्षांपासून. एका कानाच्या माणसाले आवाज कोणत्या बाजूनं आला ते समजत नाई.